आपल्या गावची रात्रीची नभोवाणी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत गावाचा इतिहास येतो तो बहुधा देवळांचा, शाळेचा, बारवेचा नाही तर एखाद्या कर्त्या पुरुषाचा असतो. गावाने काय पाहिले हे आपण लिहून ठेवतो. गावाने काय ऐकले हे कोणी लिहीत नाही. वास्तविक आपल्या मागच्या दोन पिढ्यांतील बायकांनी जग पाहिले थोडे आणि ऐकले पुष्कळ. उंबरठ्याबाहेर जाण्याचे प्रसंग मोजके. पण चूल विझवून, भांडी पालथी घालून अंगणात वा माजघरात टेकले की कोनाड्यातल्या रेडिओतून मुंबई-पुणे घरात येत असे. येत असे म्हणायचे इतकेच. कारण नेमके त्याच वेळी रेडिओला धाड भरे. दिवसभर सुरळीत बोलणारे केंद्र दिवेलागणीनंतर वरखाली होऊ लागे, मध्येच कोणी परका शिट्टी घाली, कधी दोन केंद्रे एकमेकांच्या उरावर बसत आणि कोणाचेच धड ऐकू येत नसे. मग दोष कधी दुकानदाराला, कधी मसाल्याला (बॅटरीला आपल्याकडे मसाला म्हणत), कधी छपरावरच्या तारेला, आणि कधी कधी तर ज्या सुनेने शेवटचा हात लावला तिलाही मिळे.

भगिनींनो, या सर्वांची त्या आरोपातून निर्दोष मुक्तता करावी, एवढ्यासाठीच हा लेख लिहिला आहे. रात्री रेडिओ का बिघडे याचे कारण आपल्या गावाच्या जागेत आहे, गावावरच्या आकाशात आहे आणि थोडेफार सरकारी नकाशातही आहे.

प्रथम जागा. कडा हे आष्टी तालुक्यातले गाव, बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला. सरळ रेषेत मोजले तर पुणे येथून सुमारे एकशे पस्तीस किलोमीटर, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) एकशेदहाच्या आसपास, परभणी एकशेऐंशी, मुंबई सव्वादोनशेच्या पुढे आणि हैदराबाद जवळजवळ चारशे. हे आकडे वाचिकांनी ध्यानात ठेवावेत, पुढे ते कामास येतील. आपला बाजारहाट, दवाखाना, लग्नाचा बस्ता हे सारे नगरकडे (आजचे अहिल्यानगर). पण १९४८ पर्यंत आपला तालुका निजामाच्या राज्यात, आणि नगर ब्रिटिश मुलुखात. पाय एका राज्यात आणि तोंड दुसऱ्या राज्याकडे, अशी आपली जुनी स्थिती. नभोवाणीच्या बाबतीतही तेच झाले.

हिंदुस्थानात नियमित ध्वनिक्षेपण सुरू झाले ते मुंबईस, २३ जुलै १९२७ रोजी. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी कंपनी होती आणि तिचा प्रक्षेपक अवघ्या दीड किलोवॅटचा. त्याचा खात्रीचा पल्ला पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेरचा. म्हणजे कल्याणच्या पुढे त्याचा भरवसा नाही. कंपनी तीन वर्षांतच बुडाली, १९३० मध्ये सरकारने काम हाती घेतले आणि १९३६ मध्ये त्याचे ‘ऑल इंडिया रेडिओ’ असे नामकरण झाले. इकडे हैदराबादेत एका हौशी गृहस्थाने दोनशे वॅटचे छोटे केंद्र उभारले होते. दोनशे वॅट म्हणजे आजच्या दोन जुन्या बल्बांइतकी शक्ती! ते निजाम सरकारने १९३५ मध्ये ताब्यात घेतले, मोठा प्रक्षेपक आणला, आणि उर्दू, तेलुगू, मराठी व कानडी अशा चार भाषांत ‘डेक्कन रेडिओ’ बोलू लागला. औरंगाबादेसही त्या राज्याचे एक केंद्र होते. म्हणजे आपल्या जिल्ह्याचे सरकारी केंद्र चारशे किलोमीटरवर, आणि ज्यांच्याशी सोयरिकी त्यांचे केंद्र सरहद्दीपलीकडे, घाटाखाली, समुद्रकाठी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी सायंकाळी निजामाने स्वतः नभोवाणीवर येऊन युद्धबंदी जाहीर केली, ती याच हैदराबादच्या केंद्रावरून. १ एप्रिल १९५० पासून हैदराबाद व औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओकडे आली. औरंगाबादचे केंद्र मात्र पुढे बंद करण्यात आले. त्याचे परिणाम मराठवाड्याने बरीच वर्षे भोगले, त्याविषयी पुढे.

आता आकाशाकडे वळू. शास्त्राचे नाव काढताच पान उलटू नका. घरात विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला हे समजण्यास अवघड काही नाही.

मध्यम लहरीवरचे केंद्र (ज्याला आपण नुसते ‘मीडियम’ म्हणत असू) आपला आवाज दोन वाटांनी पाठविते. एक वाट जमिनीलगतची. लहर जमिनीला धरून सरपटत जाते आणि जाता जाता जमीन तिची शक्ती पिऊन टाकते. समुद्राचे खारे पाणी तिला फारसे अडवीत नाही. ओली काळी जमीन थोडी अडविते. आपल्याकडचा कोरडा मुरूम आणि काळा पाषाण मात्र तिला चांगलाच चाखतो. म्हणून मुंबईचे केंद्र कोकणपट्टीत समुद्रावरून दूरवर सहज जाते, पण घाट चढून सीनेच्या खोऱ्यात येईतो ते दमून जाते. दुसरी वाट आकाशाची. जमिनीपासून सुमारे साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर सूर्याच्या तेजामुळे हवेचा एक विद्युत्भारित थर तयार होतो. तो दिवसा आकाशाकडे गेलेली मध्यम लहर शोषून घेतो, परत म्हणून येऊ देत नाही. सूर्य मावळला की हा थर काही वेळात विरून जातो. त्याच्या वर, शंभर किलोमीटर आणि त्याहून उंच, आणखी थर आहेत ते रात्रीही टिकतात, आणि ते लहर शोषण्याऐवजी आरशासारखी खाली परतवितात. रिकाम्या आडात हाक मारली असता ती जशी घुमून वर येते, तशी रात्री दूरची केंद्रे वरून घुमून खाली येतात.

असा आरसा आकाशात असावा, असे अनुमान १९०२ मध्ये इंग्लंडात हेविसाइड व अमेरिकेत केनेली यांनी जवळजवळ एकाच वेळी केले. १९२४ मध्ये ॲपल्टन यांनी बोर्नमथच्या ध्वनिक्षेपण केंद्राची लहर घेऊन तो प्रयोगाने सिद्ध केला आणि त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कलकत्त्यास प्रा. शिशिरकुमार मित्र यांनी या उच्च वातावरणाचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचा त्यावरील इंग्रजी ग्रंथ १९४७ मध्ये निघाला आणि जगभर वापरला गेला.

म्हणजे दिवसा आपल्या रेडिओवर येते ती फक्त जमिनीची वाट चालून आलेली, मंद पण प्रामाणिक लहर. रात्री मात्र आकाशाचे दार उघडते आणि त्यातून पाहुणे व चोर दोघेही आत येतात.

पहिला चोर घरचाच, तो म्हणजे खुद्द पुणे. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्यास केंद्र सुरू झाले आणि पश्चिम महाराष्ट्राबरोबर आपल्यासारख्या सरहद्दीवरच्या गावांनाही मराठी आवाज जवळून ऐकू येऊ लागला. पुढे या केंद्राची शक्ती शंभर किलोवॅटपर्यंत गेली आणि त्याची जागा ७९२ किलोहर्ट्झवर ठरली. पण कडा पुण्यापासून अशा अंतरावर आहे की तेथे रात्री पुण्याची जमीनलहर आणि पुण्याचीच आकाशलहर या दोघी जवळपास सारख्या जोराने येऊन पोहोचतात. जवळच्या गावी जमीनलहर इतकी दणकट असते की आकाशलहरीला कोणी विचारीत नाही. फार दूरच्या गावी जमीनलहर संपलेली असते, तेथे आकाशलहरीचे एकटीचे राज्य. मधल्या पट्ट्यात मात्र दोन सवती.

त्यांचे भांडण कसे होते तेही पाहू. जमिनीच्या वाटेने पुणे ते कडा एकशे पस्तीस किलोमीटर. आकाशाच्या वाटेने शंभर किलोमीटर वर चढून पुन्हा उतरायचे, ती वाट भरते सुमारे दोनशे चाळीस किलोमीटर. दोन्ही लहरी पोहोचल्या आणि त्यांचे चढउतार जुळले तर आवाज दुप्पट; एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकत्र पडला तर आवाज जवळजवळ नाहीसा. ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर लांबीची असते. आकाशातला तो आरसा नुसता शंभर-सव्वाशे मीटर वर किंवा खाली सरकला की जुळलेले बिघडते आणि बिघडलेले जुळते. आणि तो आरसा स्थिर कधीच नसतो. तलावावरच्या पाण्यासारखा तो रात्रभर हलत असतो. म्हणून आवाज मोठा होतो, खोल जातो, घोगरा होतो, पुन्हा वर येतो. माझ्या ऐकिवातील एक आजेसासूबाई असे झाले म्हणजे म्हणत, “पुण्याला पेंग आली गं!” शास्त्रज्ञाने याहून नेमके वर्णन काय करावे?

यात एक मौजेची गोष्ट आहे. केंद्राची शक्ती वाढविली तरी या पट्ट्याचे दुखणे जात नाही, कारण शक्ती वाढविली की दोन्ही सवती सारख्याच बळावतात. उपाय आहे तो मनोऱ्याच्या घडणीत. मनोरा लहरीच्या लांबीच्या निम्म्याहून थोडा उंच ठेवला, तर तो वर उभी लहर कमी फेकतो आणि जमिनीलगत जास्त पाठवितो. त्यामुळे भांडणाचा पट्टा दूर सरकतो. सरकतो म्हणजे पुढच्या कोणत्या तरी गावावर जातो, हे ओघानेच आले.

म्हणूनच पुणे केंद्राचा जो कार्यक्रम घराघरांत पोहोचला तो सकाळचा होता, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेले आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून दर शुक्रवारी सकाळी लागत असे. वर्षभर, छप्पन गीते. त्याच्या लोकप्रियतेची कारणे काव्यात आणि सुरांत आहेत यात शंका नाही. पण सकाळी पावणेनऊला सूर्य चांगला वर आलेला असतो, आकाशाचे दार बंद झालेले असते आणि पुण्याची लहर एकटीच, स्वच्छ, आपल्या अंगणात येत असते. हेच रामायण रात्री साडेनऊला ठेवले असते, तर आपल्या पट्ट्यातल्या कित्येक घरांत सीतेचा निरोप अर्ध्यावरच बुडाला असता.

पुण्याचाच दुसरा उपक्रम अधिक महत्त्वाचा, आणि आपल्या गावाच्या दृष्टीने किंचित कडूही. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने ‘रेडिओ ग्रामीण श्रोतृमंडळां’चा प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर हे पाच जिल्हे आणि त्यांतली सुमारे दीडशे गावे. गावकऱ्यांनी आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीविषयक कार्यक्रम एकत्र बसून ऐकावा, त्यावर चर्चा करावी, ठरले ते अमलात आणावे आणि शंका केंद्राकडे कळवाव्यात, अशी ती योजना. तिचा अहवाल जगभर वाचला गेला आणि पुढे हा उपक्रम देशभर नेण्यात आला. आता पाहा, नगर जिल्ह्यातील गावे त्यात होती. सीनेच्या अलीकडे आपण, पलीकडे ते. पाऊस तोच, ज्वारी तीच, भाषा तीच, आणि पुण्याची लहर तर सरहद्द ओळखीतच नाही. पण त्या वसंतात आष्टी तालुका हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्याच्या योजनेत त्याचे नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे प्रयोग संपल्यावर सहा महिन्यांनी. ऐकायला मिळे, विचारायला मात्र जागा नव्हती.

आणि मराठवाड्याचे स्वतःचे केंद्र? औरंगाबादचे केंद्र बंद झाल्यावर परभणीस केंद्र सुरू झाले ते १९६८ मध्ये, आणि औरंगाबादेस पुन्हा १९७६ मध्ये. मधल्या सबंध काळात पाच जिल्ह्यांच्या या प्रदेशाला आपल्या बोलीत बोलणारा, आपल्या बाजाराचे भाव आणि आपल्या पावसाचा अंदाज सांगणारा मध्यम लहरीचा आवाज नव्हता. परभणी झाले तरी ते आपल्यापासून एकशेऐंशी किलोमीटर, म्हणजे पुण्याहून दूर. बीड जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांना त्याचा जो लाभ झाला तो आपल्या टोकाला झाला नाही. आपण आपले पुण्याकडेच कान लावून राहिलो.

यात सर्वांत मोठी हानी कोणाची झाली म्हणाल, तर ती बायकांची. मुंबई केंद्रावरून ‘वनिता मंडळ’ हा स्त्रियांचा कार्यक्रम लागे तो दुपारी. शहरातली मध्यमवर्गीय गृहिणी त्या वेळी जेवणे आटोपून जरा टेकलेली असते, असा त्यामागचा हिशेब असावा आणि शहरापुरता तो बरोबरही होता. पण आपल्याकडची बाई दुपारी खुरपायला गेलेली. तिची मोकळी वेळ रात्री आठनंतरची, आणि त्या वेळी मुंबई दमलेली, पुणे पेंगत असलेले. दुपारचा कार्यक्रम स्वच्छ येई तेव्हा ऐकायला घरात कोणी नसे. रात्री ऐकायला सगळ्या असत तेव्हा स्वच्छ काही येत नसे. बाळंतिणीच्या आहाराची, लसटोचणीची, मुलींच्या शाळेची माहिती त्या तासांत सांगितली जाई. ती हवेतून आपल्या शिवारावरून जात होती, ऐकणारे कान मात्र बांधावर वाकलेले होते.

रात्रीची ही पोकळी भरून काढली कोणी, हे सांगितले तर नव्या पिढीला हसू येईल. सिलोनने! कोलंबो येथून सुमारे चौदाशे किलोमीटर, म्हणजे पुण्याच्या दसपट दूर. तरी रात्री आठला पुणे खोल जाई आणि सिलोन मात्र जणू शेजारच्या वाड्यातून बोले. कारण असे की रेडिओ सिलोनचा हिंदी कार्यक्रम लघु लहरीवर (शॉर्टवेव्हवर) असे. लघु लहर जमिनीच्या वाटेचा भरवसा धरीतच नाही. ती आकाशाच्या आरशावरूनच यायची, म्हणून तिचे घरातल्या घरात भांडण नाही. त्यात योगायोग असा, की १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या आपल्याच मराठी गृहस्थांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना चाप लावला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ध्वनिमुद्रण होई मुंबईस, फिती विमानाने कोलंबोस जात आणि तेथून लहरीवर बसून बुधवारी रात्री पुन्हा हिंदुस्थानात येत. मुंबईचा आवाज आपल्याला मुंबईहून ऐकू न येता लंकेहून यावा, याला काय म्हणावे! अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली, तीही आरंभी लघु लहरींच्याच आधाराने.

लघु लहरींचे हे महत्त्व सरकारी तज्ज्ञांना आधीच ठाऊक होते. १९३६ मध्ये बी.बी.सी.चे कर्क येथे पाहणीस येऊन गेले आणि पाठोपाठ गॉयडर हे मुख्य अभियंता म्हणून आले. एवढा अफाट देश मध्यम लहरीच्या मोजक्या केंद्रांनी झाकणे पैशाच्या दृष्टीने अशक्य, आणि उष्ण कटिबंधातल्या विजांच्या खरखरीपुढे दुबळी मध्यम लहर टिकत नाही, हे पाहून त्यांनी लघु लहरीचे प्रक्षेपक उभारले. मुंबईचा १९३८ मध्ये सुरू झाला. याच लहरीचा आणखी एक उपयोग आपल्या स्त्रियांनी अभिमानाने सांगावा असा आहे. १९४२ च्या ऑगस्टअखेर मुंबईत उषा मेहता या बावीस वर्षांच्या तरुणीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. पोलिसांच्या गाड्या माग काढीत म्हणून जागा सारख्या बदलाव्या लागत. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घातली आणि पुढे उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. लहान प्रक्षेपकाची लघु लहरसुद्धा आकाशाच्या आधाराने दूर जाते, हे त्या मुलीने ओळखले होते.

आता परक्या चोरांविषयी. मध्यम लहरीच्या पट्ट्यात जागा किती? ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत नऊ-नऊच्या अंतराने मोजल्या तर अवघ्या एकशेवीस. या एकशेवीस पाटांवर आशिया, आफ्रिका आणि युरोप या तिन्ही खंडांतली केंद्रे बसवायची! तेव्हा एकाच पाटावर अनेकांना बसविणे आलेच. दिवसा ते खपते, कारण लहरी आपापल्या जमिनीत जिरतात. रात्री सगळ्यांच्या लहरी आकाशातून उतरतात आणि एकाच पानात चार जण जेवू लागतात. दोन केंद्रे अगदी एकाच आकड्यावर असली, तर मागे कोणीतरी पुटपुटल्यासारखे आणि अधूनमधून गुरगुर ऐकू येते. आकड्यांत एक किलोहर्ट्झचा फरक असला, तर कानात बोट घालावे लागेल अशी शिट्टी वाजते. १९७८ पूर्वी या शिट्ट्यांचा फार सुळसुळाट होता, कारण आशियात दहा-दहाच्या अंतराने जागा मोजीत आणि युरोपात नऊ-नऊच्या. दोघांची गजे वेगळी, मग ठिगळे जुळणार कशी? जिनिव्हाच्या परिषदेत १९७५ मध्ये सर्वांनी नऊचे माप मान्य केले आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून जगाच्या या अर्ध्या भागातील केंद्रांनी आपापले आकडे बदलले. त्या दिवशी आपल्याकडच्या रेडिओचे काटे जरासे चुकले असतील. पण शिट्ट्या बऱ्याच कमी झाल्या. पुटपुट मात्र राहिली, कारण गर्दी तीच राहिली.

या पुटपुटीवर बायकांनी शोधलेला एक उपाय अगदी शास्त्रशुद्ध होता. ट्रान्झिस्टर रेडिओच्या पोटात काळ्या कांडीवर तार गुंडाळलेली असते, तीच त्याची एरियल. कांडीचे टोक ज्या दिशेला असेल तिकडची लहर ती फार कमी घेते. म्हणून नको असलेल्या केंद्राकडे कांडीचे टोक केले की ते दबते. हे कोणी शिकविले नव्हते; पण रेडिओ कोनाड्यातून काढून तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर आडवातिडवा फिरवीत, “असाच राहू द्या, हलवू नका,” असे म्हणणाऱ्या कित्येक जणी आपल्यात अजून आहेत.

ऊसतोडीला गेलेल्या आपल्या भगिनींचा अनुभव निराळा. दिवाळीच्या सुमारास बैलगाडीत संसार भरून नगर, पुणे, सातारा, सांगलीकडच्या कारखान्यांवर जायचे, त्यात भांड्याकुंड्यांबरोबर ट्रान्झिस्टरही असे. फडावरच्या कोपीत तो टांगला की पुणे एकदम दणदणीत लागे. कारण आता त्या पुण्याच्या भांडणाच्या पट्ट्यातून निघून त्याच्या जवळ आलेल्या असत, किंवा सांगलीकडे गेल्या असल्या तर तेथले केंद्र हाताशी असे. “गावाकडं पुणं कधी असं बोललं नाही,” असे एका तोडणीवाल्या मावशींनी मला सांगितले होते. कष्ट दुप्पट, पण रेडिओ स्वच्छ, अशी ती सहा महिन्यांची वस्ती. वैशाखात गावी परतले की पुन्हा खरखर, आणि त्यात वळवाच्या विजांची भर.

रात्रीच्या आकाशाशी भांडण्याऐवजी त्यालाच कामाला लावावे, हे शहाणपण आकाशवाणीने एकदा फार मोठ्या प्रमाणावर केले. १८ मे १९८८ रोजी नागपूरजवळ बुटीबोरी येथील हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून १५६६ किलोहर्ट्झवर ‘राष्ट्रीय वाहिनी’ सुरू झाली. ती चाले फक्त रात्री. सायंकाळी सातच्या सुमारास लागे आणि पहाटे सहाच्या सुमारास बंद होई. दिवसा तिचा उपयोगच नव्हता, कारण एवढ्या उंच आकड्याची जमीनलहर लौकर दमते. रात्री मात्र देशाच्या मध्यावरून उठलेली ती लहर आकाशावर आपटून काश्मीरपासून केरळापर्यंत उतरे. कडा नागपूरपासून जवळपास पाचशे किलोमीटर, म्हणजे भांडणाच्या पट्ट्याच्या पुष्कळ पलीकडे. तेथे आकाशलहर एकटी येते. तरीही पुटपुट अगदीच चुकली नाही. त्याच आकड्यावर कोरियातील जेजू बेटावर एक ख्रिस्ती धर्मप्रसाराचे केंद्र अडीचशे किलोवॅटने बोलत असते. आपल्याकडे भीमसेनांचा मालकंस चालू असता मागे कोरियन प्रार्थना, असा योग रात्र जागविणाऱ्यांना येत असेल. वाहिनीची भाषा हिंदी, उर्दू व इंग्रजी. मराठी बाईला तिचा उपयोग गाण्यापुरताच. २०१९ च्या जानेवारीत प्रसारभारतीने ती बंद केली.

आकाशवाणीचे अधिकृत आकडे सांगतात की तिचा आवाज देशाच्या ९२ टक्के भूभागावर आणि ९९.१९ टक्के लोकांपर्यंत पोहोचतो. आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण मध्यम लहरीच्या केंद्राभोवती नकाशावर जे गोल काढलेले असते ते दिवसाचे असते. रात्रीचे गोल निराळे, आकुंचलेले आणि फाटक्या कडांचे असते. कडा त्या फाटक्या कडेवर पडते, आणि रात्री ऐकणाऱ्या बायका तर नकाशात कोठेच पडत नाहीत.

आता एफ.एम. आले. नगरचे केंद्र एफ.एम.चे, बीडचेही. ही लहर इतक्या उच्च आकड्याची की आकाशातला आरसा तिला परतवीत नाही. ती सरळ अंतराळात निघून जाते. म्हणून रात्र आणि दिवस तिला सारखे. मात्र ती नजरेच्या रेषेत चालते, डोंगर आला की थांबते. बालाघाटाच्या पायथ्याच्या वस्त्यांवर तिला शोधीत छपरावर चढावे लागते. तरुण मुली मोबाईलवर ऐकतात, त्यांना यातले काहीच ठाऊक असण्याचे कारण नाही.

घरात जुना ट्रान्झिस्टर शिल्लक असेल तर तो रात्री लावून पाहावा. बहुधा नुसती घरघर ऐकू येईल. ती आकाशाची नसून घरातल्या एल.ई.डी. दिव्यांची, मोबाईलच्या चार्जरची आणि शेजारच्या इन्व्हर्टरची असते. वीज गेली की ती एकदम थांबते. मग काळोखात काटा हळूहळू फिरवला की एकेका आकड्यावर कोणी ना कोणी बोलू लागते. कोणाचा आवाज वर येतो, खोल जातो, आणि त्याच्याखाली आणखी कोणीतरी दुसऱ्याच भाषेत बोलत असतो.